पाणी, पान आणि एक टिंब : क्री लिपी युनिकोडमध्ये अशी का आहे?

कॅनडात विनिपेगला ग्रंथालयांसाठी शोधप्रणाली लिहिणाऱ्या एका मराठी अभियंत्याने दोन प्रश्न विचारले आहेत. पहिला : तिथल्या क्री या आदिवासी भाषेची लिपी आपल्यासारखीच अक्षरलिपी दिसते, मग युनिकोडने (जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या प्रमाणाने) देवनागरीसारखं व्यंजन वेगळं, मात्रा वेगळी असं न करता प्रत्येक अक्षराला स्वतंत्र कोड पॉइंट, म्हणजे स्वतंत्र क्रमांक, का दिला? दुसरा : डोळ्यांना अगदी सारखे दिसणारे दोन क्री शब्द नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी साठवण एका रूपात आणणं) करूनही संगणकाला वेगळे का वाटतात, आणि यावर उपाय काय?

दुसऱ्यापासून सुरुवात करतो. काम तिथे अडलंय, आणि त्याची उकल होताना पहिल्याचं उत्तर आपोआप निघेल.

मैदानी क्री भाषेचं स्वतःचं नाव घ्या. आपल्या कानाला ते साधारण ‘नेहियवेविन’ असं ऐकू येतं. पश्चिमेकडच्या पद्धतीने लिहिलं तर त्यात सात खुणा येतात : ने, पाय मोडलेला ह, इ, य, वे, वि, पाय मोडलेला न. यातले ‘वे’ आणि ‘वि’ बघा. क्रीत व-साठी वेगळी ओळ नाही. ‘ए’चा त्रिकोण काढायचा आणि त्याच्या उजवीकडे मध्यावर एक टिंब द्यायचं, झालं ‘वे’. ‘इ’च्या त्रिकोणाशेजारी टिंब, झालं ‘वि’.

युनिकोडमध्ये टिंबासकट ‘वे’ हे एक अक्षर म्हणून आहे, आणि नुसतं मध्यटिंबही वेगळं आहे. त्यामुळे एकाचा कीबोर्ड ‘वे’ हे सबंध अक्षर टाकतो, दुसऱ्याचा आधी ‘ए’ आणि मग टिंब. पहिल्याच्या फाइलमध्ये शब्द सात कोड पॉइंटचा, दुसऱ्याच्या फाइलमध्ये नऊचा. पडद्यावर, कागदावर फरक शून्य. तुम्ही नॉर्मलायझेशन चालवता, पण ते या अक्षरांना हातही लावत नाही. कारण टिंबवाल्या एकाही अक्षराला ‘हे म्हणजे अमुक अधिक टिंब’ अशी फोड युनिकोडने दिलेलीच नाही. युनिकोडच्या लेखी ‘वे’ आणि ‘ए + टिंब’ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

हे मराठी माणसाला नवं वाटायला नको. ‘ॲ’ आणि ‘अॅ’ बघा. पहिलं एक अक्षर आहे, २००८ साली युनिकोड ५.१मध्ये आलं. दुसरं म्हणजे ‘अ’वर अर्धचंद्र, तोवर सगळे हेच लिहायचे आणि अजूनही पुष्कळजण लिहितात. दोघांत फोडीचं नातं नाही, म्हणून ‘ॲप’ शोधलं की ‘अॅप’ सापडत नाही. आपल्याकडे असं अक्षर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं. क्रीत ते दर दुसऱ्या शब्दात.

आता ही फोड का दिली नाही, त्याकडे येतो. त्यासाठी लिपी जरा नीट बघावी लागेल.

क्रीच्या बाराखडीत बारा नाहीत, चारच रूपं आहेत : ए, इ, ओ, आणि अ (याच क्रमाने तक्त्यात छापतात). ओळी नऊ. एक नुसत्या स्वरांची, आणि प, त, च, क, म, न, स, य यांच्या आठ. नऊ चोक छत्तीस, एवढा पाया. पण गंमत मात्रेत आहे, कारण मात्राच नाही. स्वर दाखवतात अक्षराचं तोंड फिरवून. ‘प’ची ओळ म्हणजे एक कोन : टोक खाली असेल तर पे, वर असेल तर पि, उजवीकडे असेल तर पो, डावीकडे असेल तर प. ‘क’ची ओळ तर इंग्रजी चौथीच्या मुलालाही पाठ होईल. लहान लिपीतली क्यू, पी, डी, बी ही चार अक्षरं डोळ्यांसमोर आणा : क्यूसारखं दिसतं ते के, पीसारखं कि, डीसारखं को आणि बीसारखं क. एकच आकार, चार बाजूंना तोंडं.

जेम्स एव्हान्स नावाच्या मेथडिस्ट मिशनऱ्याने १८४० साली नॉर्वे हाउस इथे, आजच्या मॅनिटोबात, हा तक्ता छापायला घेतला. चहाच्या खोक्यांतलं शिसं वितळवून खिळे पाडले आणि काजळीची शाई केली, असं त्याच्याबद्दल सांगतात. क्री लोकांच्या परंपरेत मात्र ही लिपी मिस्तानास्कोवेव या पुरुषाला आत्म्यांच्या लोकातून मिळाली, असं आहे. त्या समाजात बसून काम करायचं असेल तर ही दुसरी कथाही ठाऊक हवी, आणि ‘खरी कुठली’ हा वाद तिथे जाऊन उकरू नये. एवढं नक्की की मिशनरी पोचायच्या आधीच लिपी पुढच्या वस्त्यांत पोचलेली असायची. माणसांनी माणसांना शिकवून ती पसरली.

अभ्यासकांचं मत असं की एव्हान्सने दोन ठिकाणांहून घेतलं. फिरवण्याची कल्पना पिटमनच्या लघुलिपीतून, जी १८३७ साली प्रसिद्ध झाली होती, आणि व्यंजनांचे काही आकार देवनागरीतून, शिरोरेघ काढून टाकून. तुमचं ‘आपल्यासारखी वाटते’ हे म्हणणं म्हणजे अगदीच भास नाही. पण नातं आकारांपुरतं धरा. लिपी चालते वेगळ्या रीतीने.

आता विचार करा. ‘कि’मधून वेलांटी काढली की ‘क’ उरतो. तो ‘क’ कागदावर लिहिता येतो, मुलाला शिकवता येतो. क्रीच्या ‘कि’मधून इ काढायची म्हणजे काय करायचं? उरलेल्या आकाराचं तोंड कुठल्याच बाजूला नको. असा आकार कुणी कधी लिहिलेला नाही. आपल्याकडे ‘अ’ हा घरचा स्वर आहे, तो धरूनच व्यंजन लिहितात. तिथे चारही तोंडं सारख्या मानाची. कुठलं मूळ आणि कुठलं फिरवलेलं, हे सांगायला आधार नाही.

तरीही कुणी हट्टाने म्हणेल की एक ‘मूळ आकार’ कल्पून चार ‘फिरवा’ चिन्हं द्यायची. बैठकांत ही सूचना हमखास येते, आणि बहुतेकदा लिपी न वाचणाऱ्या हुशार माणसाकडून येते. यात लगेच दिसणारी अडचण अशी की फिरवणंही एका प्रकारचं नाही. ‘प’ आणि ‘त’च्या ओळी पावपाव वळसा घेतात. ‘क’ची ओळ आरशात बघितल्यासारखी उलटते. बीला पाव वळसा दिलात तर ती आडवी पडेल, पी होणार नाही. म्हणजे कुठल्या ओळीला कुठलं वळण हे पुन्हा फॉन्टला शिकवा. मग वाचवलं काय?

दुसरं कारण काळाचं. ही आणि हीच लिपी वापरणाऱ्या इतर भाषांची अक्षरं युनिकोड ३.०मध्ये १९९९ साली आली, एकदम ६३०. त्या वेळी देवनागरीची काय अवस्था होती आठवतं? नियमाप्रमाणे वेलांटी डावीकडे नेणं, रफार उडी मारून पुढे बसवणं, जोडाक्षर घडवणं, हे करणारं रेंडरिंग सामान्य माणसाच्या मशीनवर विंडोज २०००बरोबर यायला लागलं. तोवर युनिकोडमधला मराठी मजकूर म्हणजे सुटे अवयव मांडून ठेवल्यासारखा दिसायचा. क्री आणि इनुक्टिटुट (इनुइट लोकांची भाषा) वाल्यांना यातलं काहीच लागलं नाही. एक कोड, एक चित्र. फॉन्ट टाका आणि वाचा. आपण रेंडरिंगची वाट बघत बसलो तेव्हा त्यांची अक्षरं जुन्यापुराण्या प्रोग्रॅममध्येही धडपणे दिसत होती.

आणि ते घाईला आले होते. कॅनडाच्या उत्तरेला नुनावुत हा नवा प्रदेश १ एप्रिल १९९९ रोजी अस्तित्वात आला, जिथे इनुक्टिटुट ही कारभाराची भाषा. कारभार म्हणजे कागद. पण कागद तयार होत होते नुनाकॉम, प्रोसिल असल्या फॉन्टमध्ये, ज्यांत आत इंग्रजी अक्षर आणि वर इनुक्टिटुटचं चित्र. आपल्या डीटीपीवाल्यांना हे समजवायला नको. फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की कचरा, आणि एका फॉन्टचं दुसऱ्यात न्यायचं तर कन्व्हर्टर. मी उमेदवारीची वर्षं मराठी फाइली अशा फॉन्टमधून सोडवण्यात घालवली आहेत. एका दिवाळी अंकाचा अख्खा मजकूर ‘श्र’च्या जागी चौकोन घेऊन छपाईला गेला होता, तो प्रसंग अजून विसरलो नाही. नुनावुत सरकारने टायरो टाइपवर्क्स या फॉन्टसंस्थेकडून ‘पिगियार्निक’ हा युनिकोड फॉन्ट करून घेतला आणि हळूहळू तिथला गुंता सुटायला लागला.

‘पण जागा किती वाया गेली!’ हा आक्षेप मी मानत नाही. यूटीएफ-८मध्ये (युनिकोड मजकूर साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) देवनागरीचा प्रत्येक कोड पॉइंट तीन बाइटांचा, या अक्षरांचाही तीनच. आपल्या ‘की’ला दोन कोड पॉइंट, म्हणजे सहा बाइट. क्रीची दीर्घ ‘की’ एकच कोड पॉइंट, तीन बाइट. तक्ता मोठा झाला, मजकूर आखूड झाला.

एक फरक वापरणाऱ्याला बोटांत जाणवतो. मराठीत ‘की’ लिहून बॅकस्पेस दाबलं तर वेलांटी जाते, ‘क’ राहतो. क्रीत अख्खं अक्षर जातं. तिथल्या माणसाला तेच बरोबर वाटतं, कारण त्याच्या मनात ते एकच अक्षर आहे. टंकलेखन मात्र आपल्या ‘गमभन’सारखं उच्चारानुसार करायचे कीबोर्ड आहेत : क दाबला की पाय मोडलेला क उमटतो, मागोमाग इ दाबली की कीबोर्ड तो क पुसून तिथे ‘कि’ ठेवतो. म्हणजे टंकताना सुटं, साठवताना सबंध.

तर प्रत्येक अक्षराला स्वतंत्र कोड देणं हा निर्णय बरोबर होता असं माझं मत आहे. चूक झाली ती टिंबांच्या बाबतीत.

टिंबं दोन प्रकारची. एक व-चं, जे वर पाहिलं. दुसरं दीर्घ स्वराचं, अक्षराच्या डोक्यावर. ही दोन्ही खरोखरच वरून लावायच्या खुणा आहेत. अक्षर आधी, टिंब नंतर, लिहिणाऱ्याचा हातही तसाच चालतो. पुष्कळ क्री लिहिणारे दीर्घाचं टिंब देतच नाहीत, संदर्भाने वाचतात. इथे आपल्या नुक्त्यासारखी फोड देणं शक्य होतं. ती दिली नाही, आणि आता देता येणार नाही. एकदा प्रसिद्ध झालेल्या अक्षराची फोड बदलायची नाही, हा युनिकोडचा शब्द आहे आणि तो ते पाळतात. पाळलाच पाहिजे, नाहीतर जगभरातल्या डेटाबेसमधले शब्द एका रात्रीत एकमेकांशी जुळेनासे होतील.

टिंब किती महत्त्वाचं? क्रीत ‘निपिय’ म्हणजे पाणी, ‘नीपिय’ म्हणजे झाडाचं पान. फरक ‘नि’वरच्या टिंबाचा. ते दिलं नाही तर पाणी आणि पान एकसारखे लिहिले जातात. तुमचा वाचक टिंबाशिवाय शोधेल तेव्हा त्याला दोन्ही दाखवायला हवेत. टिंबासकट शोधेल तेव्हा पान वर आणि पाणी खाली. लॅटिनमध्ये आपण मजकूर फोडून खुणा गाळतो आणि काम होतं. इथे फोडच नाही, म्हणून गाळायला काही सापडत नाही. स्वतःचा तक्ता करावा लागतो.

याच ‘निपिय’च्या शेवटी आणखी एक सापळा. शेवटचा पाय मोडका य पश्चिमेत बारीक अधिक चिन्हासारखा लिहितात. युनिकोडमध्ये असं दिसणारी दोन अक्षरं आहेत, एकाचं नाव ‘पश्चिम क्री य’, दुसऱ्याचं ‘अंत्य अधिक’. दोन्ही लोक वापरतात. काहीजण तर कीबोर्डवरचं साधं अधिक चिन्ह टाकून मोकळे होतात, आणि मग ‘निपिय’ हा शब्द न राहता गणित होतं. तीच कथा ‘हक’ या जोड-अंत्याची, म्हणजे शब्दाच्या शेवटी येणाऱ्या ‘ह्क्’च्या खुणेची. तो छोट्या फुलीसारखा दिसतो, आणि या लिपीतला पूर्णविरामही छोटी फुलीच आहे.

आता पूर्व आणि पश्चिम. व-चं टिंब पश्चिमेकडे अक्षराच्या उजवीला देतात, पूर्वेकडच्या बोलींत डावीला. युनिकोडने दोन्ही रूपं वेगळी दिली, पूर्वेच्या ‘वे’ला १४०सी हा क्रमांक आणि पश्चिमेच्या ‘वे’ला १४०डी. नावातही ‘पश्चिम क्री’ असं लिहिलंय. ते ठीकच. पण सुटं टिंब टाकणाऱ्यांच्या मजकुरात पेच पडतो. नेहियवेविनचं नऊ कोडचं रूप पुन्हा बघा. त्यात ‘ए, टिंब, इ’ असा तुकडा आहे. ते टिंब कोणाचं? पश्चिमेचा वाचक ‘ए’ला देईल आणि ‘वे’ वाचेल. पूर्वेचा ‘इ’ला देईल आणि ‘वि’ वाचेल. मजकुरातून हे ठरत नाही. ग्रंथनोंदीत भाषा किंवा प्रदेश असेल तर त्यावरून ठरवा. नसेल तर कुठल्या वस्तीतून पुस्तक आलं ते ग्रंथपालांना विचारा. मी अशा वेळी अंदाज करणारा प्रोग्रॅम लिहायच्या फंदात पडत नाही. एकदा पडलो होतो, आणि दोनशे पानांत टिंबं मोजून चुकीच्या शेजाऱ्याकडे पाठवली होती.

‘एकत्रित कॅनेडियन आदिवासी अक्षरलिपी’ या भारदस्त नावातल्या ‘एकत्रित’बद्दलही थोडं सांगतो, कारण तुमच्या संग्रहात फक्त क्री नसणार. ओजिब्वे, नास्कापी, इनुक्टिटुट, डेने भाषा, ब्लॅकफूट, डाकेल्ह, सगळ्यांची अक्षरं एकाच संचात आहेत. आकार एक तर बव्हंशी कोड एक, मग उच्चार काही असो. नावं मात्र बहुधा क्री उच्चारावरून पडली. १४०१ क्रमांकाच्या त्रिकोणाचं नाव ‘ए’, इनुक्टिटुटमध्ये तो ‘आइ’ वाचतात. म्हणून अक्षराच्या अधिकृत नावावरून लिप्यंतर करणारा प्रोग्रॅम लिहू नका. मला असे दोन भेटलेत. नावही पुढे बदलत नाही, चुकीचं असलं तरी. बदलू शकतं ते फक्त तक्त्यातलं नमुन्याचं चित्र. डाकेल्हच्या काही अक्षरांची चित्रं अशीच चुकीची छापली जात होती, फॉन्टवाले ती बघून चुकीचे आकार काढत होते. ती अलीकडे दुरुस्त झाली.

त्या ‘आइ’चीच एक गोष्ट आहे. १९७६ साली इनुक्टिटुटचं लेखन प्रमाणित करताना चौथं तोंड, म्हणजे आइ-पाइ-ताइची उभी ओळ, गाळली. ‘आइ’ लिहायचं तर अ-वाला आकार आणि पुढे इ. याला यंत्राचं कारण होतं : टायपरायटरच्या फिरत्या गोळ्यावर तेवढ्या अक्षरांना जागा नव्हती. क्वेबेकमधल्या नुनाविकमध्ये मात्र ती ओळ वापरात आहे. आज जागेचा प्रश्न उरलेला नाही, सगळी अक्षरं युनिकोडमध्ये आहेत, पण मधल्या काळात एक पिढी त्या ओळीशिवाय शाळा शिकून मोठी झाली. तुमच्या शोधात नुनाविकचा ‘आइ’ आणि नुनावुतचा ‘अ + इ’ एक धरावे लागतील.

नात्तिलिक या इनुइट लोकांचं उदाहरण याच्या उलटं आहे. नुनावुतमध्येच जोआ हेवन, तालोयोआक, कुगारुक इथे त्यांची वस्ती. त्यांच्या बोलीत ह-चा आणि आपल्या कानाला ‘श्र’च्या जवळचा वाटणारा असे दोन आवाज आहेत, ज्यांची अक्षरं १९९९च्या ६३०मध्ये नव्हती. २००९ साली आणखी ८० आली, त्यांतही नाहीत. मग लोकांनी काय करावं? जवळचं दुसरं अक्षर वापरायचं किंवा रोमनमध्ये लिहायचं. शेवटी तिथल्या जाणत्या माणसांबरोबर बसून टायपोथेक या फॉन्टसंस्थेच्या केविन किंग यांनी प्रस्ताव केला आणि २०२१ साली युनिकोड १४.०मध्ये सोळा अक्षरं आली. बारा नात्तिलिकची, आणि चार ‘स्प’च्या जुन्या ओळीची, जी सुरुवातीच्या क्री तक्त्यात होती आणि पुढे वापरातून गेली. बावीस वर्षं. आपल्याला ‘ऱ्या’ नीट दिसेना तेव्हा ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत फरकच राहिला नव्हता, तेव्हा किती आरडाओरडा केला होता आपण! त्यांना तर अक्षरच नव्हतं, आणि आरडाओरडा ऐकायला माणसं मूठभर.

संग्रहात चेरोकी असेल तर तिचा वेगळा इशारा. ती कॅनडाची नाही. सिक्वोया या चेरोकी माणसाने १८२१च्या सुमारास पूर्ण केलेली, पूर्णपणे स्वतंत्र अक्षरलिपी आहे. तीही १९९९ साली आली, ८५ अक्षरांनिशी, मोठी-लहान असा भेद न धरता. पण छापील मजकुरात मोठ्या आणि लहान आकारांचा वापर होताच. म्हणून २०१५मध्ये युनिकोड ८.०ने लहान अक्षरं दिली, आणि आधीची सगळी मोठी ठरली. आता शोधासाठी सगळीकडे मोठ्याचं लहान करतात, चेरोकीत मात्र युनिकोडला उलट नियम करावा लागला : लहानाचं मोठं. नाहीतर १९९९पासून साठवलेल्या मजकुराची तुलना बदलली असती. तुमच्या कोडमध्ये कुठे सरसकट ‘लहान करा’ असेल तर चेरोकी वाचकाला जुन्या फॉन्टवर रकानेच्या रकाने चौकोन दिसतील. लहान करू नका, केस-फोल्डिंग म्हणून जे वेगळं फंक्शन असतं ते वापरा.

आता उपाय. मी कसं करतो ते सांगतो.

मूळ मजकुराला हात लावायचा नाही. लेखकाने टिंब दिलं नसेल तर ते ‘सुधारून’ साठवायचं नाही. शोधासाठी बाजूला वेगळी किल्ली, म्हणजे फक्त जुळवणीसाठीचं रूप, तयार करायची. आधी प्रदेश ठरवून सुटी टिंबं योग्य अक्षरात मिसळायची. मग दिसायला सारख्या खुणा एका रूपात आणायच्या, पण साधं अधिक चिन्ह फक्त क्री अक्षराला चिकटून असेल तरच. त्यानंतर या सगळ्याचं रोमनमध्ये रूपांतर करायचं, क्रीचं प्रमाण रोमन लेखन ठरलेलं आहे. ही उलटी वाट वाटेल, पण तिचा फायदा मोठा आहे. ‘वापमेव’ म्हणजे तो त्याला पाहतो, ‘निवापमाव’ म्हणजे मी त्याला पाहतो. धातू ‘वापम्’. देवनागरीत दोन्हीकडे म तोच राहतो, मात्रा बदलते. क्रीत ‘मे’ आणि ‘मा’ हे दोन परके कोड पॉइंट, त्यामुळे धातू मध्येच तुटतो. रोमन किल्लीत म सुटा होतो, धातू सापडतो, आणि दीर्घाची खूण लॅटिनची असल्याने तिची फोड युनिकोडकडे तयार असते. म्हणजे जे नॉर्मलायझेशन तुम्हाला पहिल्या दिवशी हवं होतं, ते इथे काम करतं. एक किल्ली दीर्घासकट, एक दीर्घाशिवाय, आणि क्रम लावताना पहिलीला जास्त वजन. रोमनमध्ये टाइप करून शोधणारा वाचकही याच किल्लीवर फुकटात भागतो. असे वाचक पुष्कळ आहेत, आणि इनुइटांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१९ साली सामायिक रोमन लेखन मान्य केल्यापासून त्या बाजूला ते वाढतीलच.

चाचणीसाठी तीन शब्द पुरेत : नेहियवेविन सात कोडचं आणि नऊ कोडचं, निपिय आणि नीपिय, प्रत्येकी दोन्ही अधिक चिन्हांनी. हे जुळले की बाकीचं ऐंशी टक्के जुळलं असं समजा. टक्का माझ्या अंदाजाचा, मोजलेला नाही.

आणि एक चाचणी फॉन्टची नाही, डेटाबेसची करा. नात्तिलिकची नवी अक्षरं युनिकोडच्या पहिल्या पातळीत (क्रमांकांच्या पहिल्या मोठ्या गटात) जागा न उरल्याने वरच्या पातळीत गेली आहेत. ती यूटीएफ-८मध्ये चार बाइट घेतात. काही जुन्या डेटाबेसांत ‘यूटीएफ-८’ नावाच्या रकान्यात तीनच बाइटांची सोय असते. क्रीची सगळी पुस्तकं त्यात सुखाने राहतात, म्हणून वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. मग जोआ हेवनहून एखादं पुस्तक येतं आणि शीर्षक पहिल्या ‘ह’पाशी तुटतं, किंवा नोंदच नाकारली जाते. आजच त्या सोळांपैकी एक अक्षर शीर्षकाच्या रकान्यात टाकून, साठवून, परत वाचून बघा.